विमान रद्द झालं, उशिरा सुटलं: कंपनी तुमचं काय देणं लागते?

रात्री साडेअकराला मेसेज येतो. सकाळचं पुणे–दिल्ली विमान ‘परिचालन कारणांमुळे’ रद्द झालेलं असतं. खाली दोन बटणं असतात, एक दुसरं विमान घेण्यासाठी आणि एक पैसे परत घेण्यासाठी. दिल्लीला तर पोचायचंच असतं, म्हणून माणूस घाईत समोर दिसेल ते बटण दाबून मोकळा होतो. पण या दोन बटणांमागचा पैशांचा हिशेब फार वेगळा आहे, आणि मेसेजमध्ये तो कुठेच लिहिलेला नसतो. इतक्या उशिरा कळवलं गेलं असेल, तर पैसे परत घेणाऱ्या प्रवाशाला तिकिटाच्या रकमेशिवाय १०,००० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. दुसरं विमान मान्य करून मोकळं झालेल्याला ती या नियमाखाली मागता येत नाही. आणि जो हक्काने मागत नाही, त्याला ती बहुतेक वेळा मिळतही नाही.

हे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे आहेत. त्यांच्या नियमावलीत सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ या क्रमांकाचा भाग आहे. तो ऑगस्ट २०१० मध्ये आला आणि पुढे त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. हा क्रमांक लिहून ठेवा. काउंटरवर किंवा ईमेलमध्ये तो नेमका सांगितला की समोरच्याचं उत्तर बदलतं, कारण मग ‘आमच्या कंपनीचं असं धोरण आहे’ एवढं बोलून भागत नाही. नियम कंपनीच्या धोरणापेक्षा वरचा.

या नियमात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: उड्डाण रद्द होणं, उड्डाणाला उशीर होणं, आणि तिकीट असून, वेळेवर पोचूनही विमानात चढू न देणं. बोलताना आपण तिन्हींना ‘फ्लाइटचा घोळ’ म्हणतो. नियम मात्र तिघांना तीन मापं लावतो, आणि त्यातल्या दोनमध्येच रोख भरपाई आहे. उशिरासाठी ती नाही. नऊ तास ताटकळलेल्या प्रवाशाला या नियमाखाली जेवण, कधी हॉटेल, कधी तिकिटाचे पूर्ण पैसे मिळतात, पण झालेल्या उशिराबद्दल वेगळा रुपयाही मिळत नाही. हे अन्यायाचं आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. तरीही आज नियम असाच आहे, म्हणून तो माहीत असलेला बरा.

रद्द झालं तर

इथे सगळं अवलंबून असतं ते कंपनीने किती आधी कळवलं यावर.

दोन आठवडे किंवा त्याहून आधी कळवलं, तर कंपनीने दुसरं विमान द्यायचं किंवा पैसे परत करायचे. भरपाईचा प्रश्न येत नाही. दोन आठवड्यांच्या आत पण सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत कळवलं, तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान द्यायचं किंवा पैसे परत. आणि असं वेळेत कळवलंच नाही, तर प्रवाशाला मान्य असलेलं दुसरं विमान, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि त्यावर भरपाई.

भरपाईचा आकडा ‘ब्लॉक टाइम’वर ठरतो. ब्लॉक टाइम म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पोचल्यावर पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा ठरलेला वेळ. तिकिटावरची सुटण्याची आणि पोचण्याची वेळ यांतलं अंतर मोजलंत की तो मिळतो. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला कमाल ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि दोन तासांच्या वर १०,०००. मात्र ही वरची मर्यादा आहे. एकेरी प्रवासाचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार ही रक्कम त्याहून कमी असेल, तर ती कमी रक्कमच मिळते.

आकडे मांडून बघू. पुणे–दिल्लीचा ब्लॉक टाइम दोन तासांच्या वर जातो, म्हणजे मर्यादा १०,००० रुपये. समजा तिकीट ६,४०० रुपयांचं आहे. त्यात मूळ भाडं ४,५००, इंधन अधिभार ६०० आणि उरलेले १,३०० जीएसटी, विमानतळाची शुल्कं वगैरे. भरपाई ४,५०० अधिक ६००, म्हणजे ५,१०० होते. तिकिटाचे ६,४०० पूर्ण परत मिळतात ते वेगळे. एकूण ११,५०० हातात यायला हवेत. हेच तिकीट दिवाळीच्या गर्दीत १४,००० मूळ भाड्याने काढलं असेल, तर भरपाई १०,००० वर थांबते. मुंबई–गोवा तासाभराहून थोडं जास्त, म्हणून तिथे मर्यादा ७,५००. जाऊन-येऊन तिकीट एकत्र काढलं असलं, तरी हिशेबात फक्त रद्द झालेल्या बाजूचं भाडं धरतात.

आता त्या बटणांकडे परत येऊ. नियमातले शब्द ‘प्रवाशाला मान्य असलेलं दुसरं विमान’ असे आहेत. मान्य करायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. सकाळी सातच्या विमानाऐवजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान पुढे केलं, तर ‘हे मला मान्य नाही, आधीचं द्या नाहीतर पैसे आणि भरपाई द्या’ असं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. अडचण अशी की कित्येकदा कंपनीची यंत्रणा तुम्हाला न विचारताच नव्या विमानात बसवून टाकते आणि मेसेज पाठवते. असा आपोआप आलेला बदल म्हणजे तुमची संमती होत नाही. पण त्या नव्या तिकिटावर तुम्ही वेब चेक-इन केलंत, की संमती दिल्यासारखं होतं. नको असेल तर चेक-इन करू नका, लगेच लेखी नकार कळवा.

त्याहून मोठी चूक दुसरीकडे होते. विमान रद्द होणार अशी कुणकुण लागते, बातम्या येत असतात, आणि प्रवासी स्वतःच ॲपमध्ये जाऊन तिकीट रद्द करतो. मग कागदोपत्री ते ‘प्रवाशाने रद्द केलेलं’ तिकीट ठरतं. रद्द करण्याचं शुल्क कापलं जातं, भरपाईचा हक्क जातो, आणि नंतर तासाभरात कंपनीने तेच उड्डाण रद्द केलं तरी फायदा होत नाही. कंपनीने अधिकृतपणे रद्द केल्याचा मेसेज येईपर्यंत तिकिटाला हात लावू नका.

आणखी एक बारीक अट आहे, आणि ती अनेकांना माहीत नसते. बुकिंगमध्ये प्रवाशाचा पुरेसा संपर्क दिलेला नसेल, तर भरपाई देणं कंपनीवर बंधनकारक नाही. गल्लीतल्या एजंटकडून तिकीट काढलं की तो बहुतेक वेळा स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतो. रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जातो, तुम्ही विमानतळावर पोचता, आणि कंपनी म्हणते की आम्ही तर दोन दिवसांपूर्वीच कळवलं होतं. तिकीट हातात आलं की पीएनआर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर जा आणि संपर्कात स्वतःचा नंबर घाला.

भरपाई रोख किंवा बँक खात्यात द्यायची असते. पुढच्या प्रवासाचं व्हाउचर द्यायचं असेल, तर तुमची सहीनिशी संमती लागते. व्हाउचरला मुदत असते, अटी असतात, आणि रोखीच्या बदल्यात ते घेतलं की रोख मागता येत नाही. खूश होऊन सही करण्याआधी मागची बाजू वाचा. तिकिटाचे पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील, तर ते ७ दिवसांत परत यायला हवेत. एजंटमार्फत तिकीट असलं तरी पैसे परत करण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते. ‘एजंटला विचारा’ म्हणून ती हात झटकू शकत नाही.

उशीर झाला तर

इथे घड्याळ दोन ठिकाणी बघायचं. उड्डाण किती लांबचं आहे, आणि उशीर किती आहे.

अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमचं उड्डाण दोन तास किंवा त्याहून जास्त लांबलं, की खाणंपिणं द्यावं लागतं. महाराष्ट्रातून सुटणारी बहुतेक देशांतर्गत उड्डाणं याच गटात येतात. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला हीच मर्यादा तीन तासांची, आणि त्याहून लांबच्या प्रवासाला चार तासांची. अट एकच, तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असलं पाहिजे. खाणं किती वेळ थांबावं लागतंय त्याच्या प्रमाणात हवं. पाच तासांच्या उशिराला एक सँडविच आणि पाण्याची बाटली देऊन बोळवण करत असतील, तर जेवण मागायला संकोच करू नका. लहान मूल किंवा मधुमेहाचा रुग्ण बरोबर असेल, तर आधी तेच सांगा.

देशांतर्गत उड्डाण सहा तासांहून जास्त लांबणार असेल, तर कंपनीने सहा तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांतला पर्याय तुमच्यापुढे ठेवायचा असतो. त्याची सूचना मूळ वेळेच्या २४ तास आधी द्यावी असंही नियम म्हणतो. प्रत्यक्षात उशीर असा एकदम जाहीर होत नाही. तो हप्त्याहप्त्याने येतो. फलकावर आधी ४५ मिनिटं दिसतात, मग दीड तास, मग ‘पुढची माहिती पाचला’. प्रत्येक हप्ता छोटा वाटतो आणि सहा तासांची रेषा कधी ओलांडली ते लक्षात येत नाही. म्हणून मूळ वेळ आणि फलकावरची नवी वेळ यांतलं अंतर स्वतः मोजत राहा. ते सहाच्या पुढे गेलं, की काउंटरवर जाऊन पर्याय मागा.

उशीर २४ तासांच्या वर गेला तर हॉटेल आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोय कंपनीने करायची. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, तरी हीच सोय लागू होते. रात्रीच्या विमानाने निघालेल्या वयस्कर आईवडिलांना हा दुसरा नियम जरूर सांगून ठेवा. विमानतळाच्या लोखंडी खुर्चीवर रात्र काढणाऱ्या कितीतरी लोकांना तो लागू असतो, आणि त्यांना ते माहीत नसतं.

एक धोका इथे सांगायलाच हवा. विमान पाच तास लांबलं म्हणून घरी जाऊन आलात, मधल्या वेळात अडचण सुटली आणि विमान जाहीर वेळेच्या आधी सुटलं, तर तुमची नोंद ‘आला नाही’ अशी होते. मग पैसेही जातात. जायचंच असेल तर काउंटरवरून नवी वेळ लेखी घ्या, नाहीतर पैसे परतीचा अर्ज करूनच बाहेर पडा.

चढूच दिलं नाही तर

जागा असतील त्याहून जास्त तिकिटं विकण्याची पद्धत जगभर आहे, कारण काही लोक येतच नाहीत. सगळे आले की पंचाईत होते. अशा वेळी कंपनीने आधी स्वखुशीने मागे राहणारे प्रवासी शोधायचे असतात. त्यांना काय द्यायचं ते आपापसात ठरवता येतं. कोणी तयार झालं नाही आणि तुम्हाला तुमच्या मनाविरुद्ध थांबवलं, तर आकडे असे आहेत. मूळ वेळेनंतर तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं, तर भरपाई नाही. तासानंतर पण २४ तासांच्या आत दिलं, तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभाराच्या २०० टक्के, कमाल १०,०००. २४ तासांच्या पलीकडे गेलं तर ४०० टक्के, कमाल २०,०००. दुसरं विमानच नको म्हणालात, तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर ४०० टक्के, कमाल तेवढेच. वरच्या पुणे–दिल्ली तिकिटाचे ५,१०० धरले, तर २०० टक्क्यांचे १०,२०० होतात, म्हणजे हातात १०,०००. ४०० टक्क्यांचे २०,४०० होतात, मिळतात २०,०००.

इथे दुसरं विमान घेऊनही भरपाई मिळते, हा रद्द झालेल्या उड्डाणापेक्षा मोठा फरक आहे. म्हणून कंपनीचा माणूस ‘उशीर झाला, काउंटर बंद झालं’ असं म्हणू लागला, तर सावध व्हा. तुम्ही उशिरा आलात असं नोंदलं गेलं, की सगळा हक्क संपतो. विमानतळाच्या दारावरची डिजियात्राची किंवा चेक-इनची वेळ, बॅग टाकल्याची पावती, टॅक्सीच्या ॲपवरची उतरल्याची वेळ, यांपैकी एक तरी पुरावा जपून ठेवा. जून २०२२ मध्ये डीजीसीएने याच कारणासाठी एअर इंडियाला १० लाख रुपये दंड केला होता: वैध तिकीट असलेल्या, वेळेवर आलेल्या प्रवाशांना चढू दिलं नाही आणि भरपाईही दिली नाही.

‘आमच्या हाताबाहेरचं होतं’

जवळपास प्रत्येक वाद शेवटी इथेच येऊन ठेपतो. कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचं असेल, तर रोख भरपाई नाही. नियमात पूर, स्फोट, दंगल, राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, सरकारी आदेश, संप अशी यादी आहे. शिवाय हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण आणि सुरक्षेचा धोका ही कारणंही भरपाईतून वगळली आहेत. पण तिथेच पुढे असंही म्हटलं आहे की परिस्थिती अशी हवी, जी सगळे वाजवी उपाय करूनही टाळता आली नसती. वादात तुमचा आधार हेच वाक्य आहे.

दिल्लीचं जानेवारीतलं दाट धुकं खरंच हाताबाहेरचं आहे. पण धुक्यात उतरण्याचं प्रशिक्षण असलेले वैमानिक त्या पहाटेच्या उड्डाणावर नेमले होते का, हा प्रश्न कंपनीच्या हातातला आहे. धुकं दिल्लीला सकाळी सहाला पडतं आणि नागपूर–पुणे विमान रात्री नऊला रद्द होतं, तेही घडतं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. पहिल्या फेरीचा उशीर साखळीने शेवटच्या फेरीपर्यंत पोचतो, मग कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची कायदेशीर मर्यादा संपते आणि शेवटची फेरी रद्द होते. सकाळचं धुकं आणि रात्रीचं रद्द होणं यांच्यामध्ये कंपनीकडे पंधरा तास होते. त्या वेळात दुसरं विमान किंवा दुसरे कर्मचारी का मिळाले नाहीत, हे तिने सांगायला हवं.

तांत्रिक बिघाड हा शब्द वरच्या यादीत नाही. विमान सुस्थितीत ठेवणं हा कंपनीच्या धंद्याचाच भाग आहे, म्हणून ‘तांत्रिक कारण’ एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नका. कर्मचाऱ्यांच्या तुटवड्याचंही तसंच. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं देशभर कोलमडली. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम त्यामागे होते, पण ते आधीपासून जाहीर होते. डीजीसीएच्या चौकशीत ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द झाल्याचं पुढे आलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला. आधी माहीत असलेल्या गोष्टीची तयारी न करणं हे ‘हाताबाहेरचं’ होत नाही. मुंबईचा मुख्य रनवे पावसाळ्याच्या आगेमागे देखभालीसाठी ठरलेल्या दिवशी बंद असतो, तेही महिनोन्‌महिने आधी कळवलेलं असतं. त्या दिवशी त्या वेळेला विमान ठेवून मग ते रद्द केलं, तर ‘रनवे बंद होता’ हे उत्तर चालायला नको.

हवामान खरोखर वाईट असलं, तरी खाणंपिणं, माहिती आणि पर्याय देण्याची जबाबदारी संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एन. सच्चिदानंद यांच्या प्रकरणात दोन्ही बाजू स्पष्ट केल्या. डिसेंबर २००५ मध्ये दिल्लीच्या धुक्यामुळे त्यांचं हैदराबादचं विमान खूप लांबलं होतं. धुक्यामुळे झालेल्या उशिराची भरपाई कंपनीकडून मागता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. पण स्वस्त तिकिटं विकणारी कंपनीसुद्धा अडकलेल्या प्रवाशांच्या किमान सोयी नाकारू शकत नाही, हेही त्याच निकालात आहे.

एक तिकीट की दोन

नागपूर–मुंबई आणि मुंबई–दुबई ही दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील आणि पहिलं रद्द झाल्याने दुसरं चुकलं, तर तुम्हाला दुबईपर्यंत पोचवणं ही कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘वेळेवर न आलेला प्रवासी’ धरते आणि पहिलीचं दुबईशी देणंघेणं नसतं. वेगळं काढल्याने दोन-तीन हजार वाचतात, पण धोका सगळा स्वतःच्या अंगावर येतो. तसं करायचंच असेल, तर पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत मधे एक रात्र ठेवा.

परदेशाचा प्रवास असेल तर

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला. या करारात ठरावीक रक्कम नसते. उशिरामुळे झालेलं खरं नुकसान बिलांसकट दाखवायचं, आणि कंपनीने सगळे वाजवी उपाय केल्याचं सिद्ध केलं नाही तर ते मिळतं. उशिरासाठी कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी ६,३०३ एसडीआर आहे, म्हणजे साधारण सात लाख रुपयांच्या घरात. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं मोजमाप आहे, आणि त्याचा भाव रोज बदलतो. बॅग उशिरा मिळाली तर २१ दिवसांत, मोडलेली मिळाली तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावीच लागते. दावा लावायची मुदत दोन वर्षं.

युरोपला जाणाऱ्यांसाठी याहून सोपा आणि मोठा हक्क आहे, आणि तो मराठी कुटुंबांकडून सर्रास वाया जातो. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला लागू आहे, कंपनी कुठलीही असो. संघाकडे येणाऱ्या उड्डाणाला मात्र तो तेव्हाच लागतो, जेव्हा कंपनी युरोपीय असते. म्हणजे फ्रँकफर्ट–मुंबई एअर इंडियाने केलं तरी हक्क आहे, मुंबई–फ्रँकफर्ट एअर इंडियाने केलं तर नाही, आणि लुफ्तान्साने केलं तर दोन्ही बाजूंनी आहे. ३,५०० किलोमीटरहून लांब प्रवासाला भरपाई ६०० युरो. तीही फक्त रद्द झाल्यावर नाही, मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशिरा पोचल्यावरही. तीन ते चार तासांच्या उशिराला ती निम्मी होऊ शकते. युरोपीय न्यायालयाने साधा तांत्रिक बिघाड ‘असाधारण’ धरायला २००८ सालीच नकार दिला आहे. ब्रिटनमध्ये असाच स्वतंत्र नियम आहे, आणि लंडन–मुंबईला रक्कम ५२० पौंड. हे पैसे माणशी असतात. चौघांच्या कुटुंबाचे २,४०० युरो होतात, आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. कमिशनवर काम करणाऱ्या दलाल कंपन्यांकडे जाण्याआधी स्वतः अर्ज करून बघा.

पैसे मागायचे कसे

विमानतळावर असतानाच चार गोष्टी गोळा करा. फलकाचा वेळेसकट फोटो, आलेल्या प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट, बोर्डिंग पास, आणि काउंटरवरून कारण नमूद केलेलं उशिराचं किंवा रद्द झाल्याचं लेखी प्रमाणपत्र. प्रमाणपत्र देत नसतील तर तिथूनच ईमेल करा: ‘तुमच्या कर्मचाऱ्याने अमुक वाजता अमुक कारण सांगितलं, चूक असेल तर कळवा.’ बोर्डिंग पास फक्त ॲपमध्ये असेल तर त्याचाही स्क्रीनशॉट घ्या, प्रवासानंतर तो दिसेनासा होतो. जेवण, टॅक्सी, हॉटेल यांवर स्वतः खर्च केलात तर जीएसटीची बिलं घ्या. यूपीआयचा नुसता मेसेज कमजोर पुरावा ठरतो.

घरी आल्यावर पहिला ईमेल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला. त्याचं नाव आणि पत्ता कंपनीने वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे, त्याच्या वरच्या अपील अधिकाऱ्याचंही. ईमेल लहान ठेवा: पीएनआर, उड्डाण क्रमांक, तारीख, कधी कळवलं, काय कारण दिलं, कुठल्या नियमाखाली किती रक्कम हवी, बँक खातं, आणि उत्तरासाठी १५ दिवस. मनस्तापाचं वर्णन इथे नको. आकडा लिहिलेला नसेल, तर उत्तरात दिलगिरी आणि व्हाउचर येतं.

उत्तर आलं नाही, तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. कंपनीला उत्तर द्यायला लावणं एवढंच काम ही ठिकाणं करतात. निकाल देऊन पैसे वसूल करण्याचा अधिकार त्यांना नाही. तरीही पुढे ग्राहक आयोगात ‘आम्ही सगळीकडे दाद मागितली’ हे दाखवायला त्या नोंदी कामाला येतात. पैसे परतच आले नसतील आणि कार्डाने भरले असतील, तर बँकेकडे व्यवहाराचा वाद नोंदवायचा मार्गही आहे.

शेवटी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असलं तरी सांगलीच्या माणसाला सांगलीतच दाद मागता येते. तिकिटावर ‘फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लागतोच असं नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल होते, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. डीजीसीएच्या नियमातल्या रकमेपलीकडचं नुकसानही इथे मागता येतं: वाया गेलेलं हॉटेल, दुसऱ्या कंपनीचं महाग तिकीट, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च. मात्र आकडा बिलांना धरून ठेवा. सहा हजारांच्या तिकिटासाठी वीस लाख मागितले, तर खऱ्या मागणीचंही वजन कमी होतं.

सुनावणीत कंपनीचा वकील सहसा ‘हवामान खराब होतं’ किंवा ‘परिचालन कारण’ असं म्हणतो. इथे सप्टेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा संजय शुक्ला निकाल पुढे करा. तो रेल्वेविषयी आहे. जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोचली आणि कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेनेच सिद्ध करायला हवं, असं न्यायालय म्हणालं आणि टॅक्सीचे १५,००० रुपये धरून भरपाई कायम ठेवली. विमान कंपनीलाही तोच प्रश्न विचारायचा. विमानतळांवरच्या हवामानाच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी इंटरनेटवर जुन्या तारखांसकट मिळतात, आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्या तासात त्याच रनवेवरून कोण सुटलं तेही दिसतं. तुमचं विमान ‘हवामानामुळे’ रद्द झालं त्याच वेळी इतर दोन कंपन्यांची विमानं त्याच शहराकडे उडाली असतील, तर ती दोन पानं छापून तक्रारीला जोडा. इतिहासातला डेटा काही साइट थोडेच दिवस मोफत ठेवतात, म्हणून हे काम त्याच आठवड्यात करा.